४०० किलोचा लाकडी घुमट आणि त्याला धरून ठेवणारी २.६ टन वाळू

काम आलं तेव्हा मागणी अगदी साधी वाटली होती. प्रदर्शनासाठी मोकळ्या अंगणात एक घुमट हवा, लाकडाचा हवा, हलका हवा, पर्यावरणाला धरून हवा, आणि प्रदर्शन संपलं की उचलून दुसरीकडे नेता आला पाहिजे. अंगणाला दगडी फरशी, तिला एकही भोक पाडायचं नाही. वर झाडाची फांदी, त्यामुळे उंची साडेपाच मीटरच्या आत. सामान आत न्यायचा रस्ता म्हणजे एक साधा दरवाजा, क्रेन वगैरे विसराच, प्रत्येक वस्तू दोन माणसांनी उचलण्याजोगी हवी. आम्ही हो म्हटलं. जाग्यावर वाळू लागेल हे तेव्हा कुणाच्याही डोक्यात नव्हतं.

पहिले दोन आठवडे कुठल्या प्रकारचा घुमट यावरच गेले. ऑफिसात एकाला ग्रिडशेल करायचं होतं, म्हणजे पातळ पट्ट्यांची जाळी वाकवून केलेला घुमट, कारण फोटो सुंदर येतात. मानहाइमची मल्टीहॅले बघा, १९७५ ची, जर्मन वास्तुकार फ्राय ओटोचं काम, जेमतेम ५० बाय ५० मिलिमीटरच्या हेमलॉकच्या पट्ट्यांची जाळी, जमिनीवर सपाट विणली आणि मग उचलून वाकवली. बघत राहावं असं काम आहे. पण पट्टी वाकवायची तर लाकूड लांबच लांब, सरळ रेषांचं, गाठ नसलेलं लागतं, नाहीतर गाठीपाशी कडकन मोडतं. आणि एकदा वाकवून लॉक केलेली जाळी परत सपाट करून घडी घालून ट्रकमध्ये टाकणं, तेही तीन-चार वेळा, हे मला काही पटेना.

दुसरा पर्याय प्लेटचा होता, म्हणजे जाड प्लायवुडचे बहुकोनी तुकडे एकमेकांत दात घालून बसवायचे. जर्मनीतच श्वेबिश ग्म्युंडला २०१४ मध्ये असा एक प्रदर्शन हॉल झाला, ५० मिलिमीटर बीच प्लायच्या २४३ प्लेट, रोबोटने कापलेल्या. पुढे हाइलब्रोनला २०१९ मध्ये ३० मीटरचा पॅव्हिलियन झाला त्यात ३७६ पोकळ लाकडी खोकी होती, वजन दर चौरस मीटरला ३८ किलोच्या आसपास. अफाट काम आहे दोन्ही, पण तिथे जवळजवळ प्रत्येक तुकडा वेगळा. एक तुकडा पडून तुटला तर बदली तुकड्यासाठी परत मशीनकडे जा. आमच्याकडे रोबोट नाही, एक बऱ्यापैकी टेबल सॉ आणि एक अतिशय चिडखोर पण हुशार सुतार आहे.

म्हणून शेवटी जुनाच रस्ता धरला, जिओडेसिक, म्हणजे सरळ दांड्यांच्या त्रिकोणांची गोल जाळी. अमेरिकेच्या बकमिन्स्टर फुलरचं पेटंट १९५४ चं, पण तशीच जाळी जर्मन इंजिनियर बाउअर्सफेल्डने तिकडच्या येना शहरातल्या प्लॅनेटेरियमसाठी १९२० च्या दशकातच उभी केली होती, त्यामुळे नवीन काही नाही. आमच्यासाठी त्यातली कामाची गोष्ट एकच, दांड्यांच्या लांब्या फक्त तीन. मोडला तर कुणीही कुठेही कापून देऊ शकतो. टिकाऊपणा म्हणून मी सगळ्यात आधी हेच मोजतो, लाकूड कुठल्या जंगलातलं हा प्रश्न त्यानंतर येतो, कारण चांगल्या जंगलातलं लाकूड एकदा वापरून फेकलं तर त्याचा उपयोग काय.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. गोलाचा व्यास १२ मीटर, तीन फ्रीक्वेन्सीचा (म्हणजे मूळ मोठ्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू तीन भागांत तोडलेली), गोलाचा साधारण ४/९ भाग. एकूण १२० दांडे, ४६ जोड, ७५ त्रिकोण. त्रिज्या ६ मीटर असल्यामुळे ए दांडा २.०९ मीटर, बी २.४२, सी २.४७, अनुक्रमे ३०, ४० आणि ५० नग. (हे जोडाच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत, प्रत्यक्ष लाकूड हबच्या, म्हणजे जोडातल्या लोखंडी तुकड्याच्या, मापाने कमी कापायचं, ही चूक आम्ही केली नाही पण करणारे बघितलेत.) उंची ४.९७ मीटर, फांदीच्या खाली आरामात. आत ११० चौरस मीटर जागा. सगळे दांडे सलग मांडले तर २८३ मीटर.

आता दांड्याचं माप. माझा पहिला आकडा ३२ बाय ६० मिलिमीटर होता, कारण हलकं करायचं डोक्यात बसलेलं. तेवढ्या मापात सगळं लाकूड मिळून २४५ किलो. मला फार आनंद झाला होता, मी तो आकडा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावला. मग आमच्या स्ट्रक्चरवाल्या मॅडम आल्या, त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि विचारलं की दाबाखाली काय होतं. अडीच मीटर लांब दांडा, पातळ बाजू ३२ मिलिमीटर, तो चिरडून मरत नाही, तो आडवा वाकून मरतो, आणि वाकायला त्याला साधारण २ किलोन्यूटन पुरतात, म्हणजे २०० किलोचा दाब. ४५ बाय ७० केलं तर तोच आकडा ६ किलोन्यूटनच्या वर जातो. लाकूड ६४ टक्के वाढलं, ताकद तिप्पट झाली. वाकण्याच्या हिशोबात पातळ बाजूचा घन येतो ना, त्यामुळे जाडीतले ते १३ मिलिमीटर फार मोठं काम करतात.

तर ४५ बाय ७०, सॉफ्टवूड (पाइनसारखं हलकं लाकूड), घनता घनमीटरला ४५० किलो धरून ४०० किलो. मला ते १५५ किलो जास्तीचे खुपत होते. मॅडम म्हणाल्या, "अहो, थांबा, वाऱ्याचा हिशोब होऊ दे, मग बघा तुम्हीच वजन मागाल."

आणि तसंच झालं.

घुमटावरून वारा गेला की वरच्या भागावर ओढ तयार होते, विमानाच्या पंखासारखी. ताशी ९० किलोमीटरचा झोत धरला, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, तर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ३८ किलोच्या आसपास येतो. वरच्या ओढीचा सरासरी गुणक आम्ही ०.६ धरला, जागा ११० चौरस मीटर, गुणाकार करा, अडीच टन. अडीच टन ओढ, वरच्या दिशेने. आणि आमच्या घुमटाचं सगळं वजन किती, तर लाकूड ४००, लोखंडी हब ११५, कापड ११५, एकूण ६३० किलो. फरशीला भोक पाडायचं नाही. म्हणजे आम्ही एवढं डोकं लावून एक उत्तम पतंग डिझाइन केला होता.

सेफ्टी धरून, स्वतःचं वजन थोडं कमी धरून हिशोब २.६ टन बॅलास्टवर, म्हणजे घुमट खाली धरून ठेवणाऱ्या वजनावर, आला. भिंतीवरचा तो २४५ चा कागद मी स्वतःच काढला. कारण मी लाकडात जे १५५ किलो वाचवणार होतो ते तसेच्या तसे वाळू म्हणून परत टाकावे लागणार होते, वर दांडे लेचेपेचे राहिले असते ते वेगळंच. हलक्या घुमटात प्रत्येक वाचवलेला किलो जमिनीपाशी परत मागितला जातो, आणि हे मला पंधरा वर्षं काम केल्यावर कळलं याची थोडी लाज वाटते.

आता २.६ टन आणायचे कुठून आणि ठेवायचे कुठे. काँक्रीटचे ठोकळे ट्रकमधून फिरवले तर हलक्या घुमटाचा सगळा मुद्दाच बुडतो. पाण्याच्या टाक्यांचा विचार झाला, पण त्या दिसायला भयानक आणि गळल्या तर बॅलास्टच वाहून जातो, तेही नेमकं लक्ष नसताना. इथे उत्तर दुसऱ्याच एका अडचणीतून सापडलं. घुमटाच्या कडेला भिंत आत झुकते, दोन मीटर उंचीवर पायापेक्षा सुमारे ७५ सेंटीमीटर आत येते, म्हणजे कडेला उभं राहणाऱ्याचं डोकं आपटणार आणि तिथे कुठलाही सपाट बोर्ड लावता येणार नाही. प्रदर्शनवाल्यांची तीच कुरकुर चालू होती, की कडेची जागा वाया जाते. तर त्या कडेला लाकडी बाक करायचे, पेटीसारखे पोकळ, आणि त्यात वाळू भरायची. बसलेल्या माणसाचं डोकं लागत नाही. वाळू जिथे जाऊ तिथली, प्रदर्शन संपलं की जिथली तिथे परत. ट्रकमध्ये फक्त रिकाम्या पेट्या जातात आणि त्यांच्या आत कापड आणि हब भरून जातात.

दारासाठी खालच्या ओळीतला एक जोड आणि त्याचे चार दांडे काढले, खाली रुंद आणि वर अडीच मीटरभर अशी उतरती चौकट मिळते, तिला जाड लाकडाची ताठ फ्रेम बसवली. त्रिकोणी जाळीतून काहीही काढलं की तिथली जाळी ढिली पडते, त्यामुळे ही फ्रेम सजावट नाही हे प्रदर्शनवाल्यांना तीनदा सांगावं लागलं, त्यांना ती "जरा नाजूक" हवी होती. १५ पायांपैकी १४ उरले, बाक १३, प्रत्येकात सरासरी २०० किलो वाळू. दाराच्या दोन पायांना एकाच बाजूला बाक येतो म्हणून ते दोन बाक जास्त खोल केले. पेट्यांखाली रबराच्या पट्ट्या, घसरू नये म्हणून. आणि दाराला झडप ठेवली, कारण दार उघडं आणि वारा समोरून असेल तर आतली हवा पण कापडाला वर ढकलते आणि वरचा सगळा हिशोब आणखी बिघडतो.

जोडांबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण घुमट तिथेच जगतो किंवा मरतो. दांडे जोडापाशी सरळ येत नाहीत, ए दांडा १० अंशांनी खाली कललेला, बी आणि सी जवळपास १२ अंशांनी. आम्ही पाइपचा छोटा तुकडा घेऊन त्याला सहा (वरच्या टोकाला आणि पंचकोनाच्या मध्यांना पाच) पाती वेल्ड केली, दांड्याच्या टोकाला करवतीची खाच, पातं खाचेत, आणि आरपार दोन बोल्ट. गोंद कुठेही नाही. गोंद लावला असता तर जोड जास्त कडक झाला असता हे खरं, पण मग तो एकदाच लागतो.

पहिला नमुना आम्ही वर्कशॉपमध्ये ओढून बघितला, चेन पुली आणि ओढ मोजायचा काटा. बोल्ट दांड्याच्या टोकापासून ४५ मिलिमीटरवर होता कारण तसं दिसायला नीटनेटकं वाटत होतं. आधी काही नाही, मग एक टिचकी मारल्यासारखा आवाज, आणि बोल्टच्या समोरचा लाकडाचा तुकडा तासून काढल्यासारखा स्वच्छ बाहेर आला, रेषांच्या दिशेने, अगदी बोल्टच्या रुंदीएवढा. सुताराने तो तुकडा उचलला, खिशात टाकला आणि काही बोलला नाही. युरोपियन कोडमध्ये ओढीच्या टोकाला बोल्टच्या व्यासाच्या सात पट अंतर आणि कमीत कमी ८० मिलिमीटर सांगितलंय, १२ चा बोल्ट म्हणजे ८४. ते आम्हाला माहीत होतं, फक्त "प्रदर्शनाचाच तर मांडव आहे" म्हणून सोडून दिलं होतं. पुढचा नमुना ९० वर केला, काटा दुप्पटीच्या पुढे गेला तरी काही झालं नाही, मग थांबलो.

आता त्या दोन फजित्या सांगतो ज्या खरं तर कागदावरच दिसायला हव्या होत्या.

पहिली पायांची. आम्ही १:१० चं मॉडेल केलं होतं, काड्यांचं. टेबलावर ठेवलं तर दर तिसरा पाय साधारण एक सेंटीमीटर हवेत. सगळे म्हणाले मॉडेल करणाऱ्या पोराचा हात वाकडा आहे, त्याने पण मान्य केलं बिचाऱ्याने, काड्या परत चिकटवल्या, परत तेच. तरीही आम्ही पुढे गेलो. प्रत्यक्ष घुमट उभा राहिला तेव्हा दर तिसरा पाय फरशीपासून ९.६ सेंटीमीटर वर. तीन फ्रीक्वेन्सीच्या घुमटाची शेवटची ओळ एका पातळीत बसतच नाही, हे गणितातच आहे, १५ पैकी १० जोड एका उंचीवर आणि ५ थोडे वर. ६ मीटर त्रिज्येला तो फरक बरोबर ९.६ येतो, आणि १:१० च्या मॉडेलला ९.६ मिलिमीटर. पोराचं मॉडेल अचूक होतं. दोन फ्रीक्वेन्सीचा घुमट अर्ध्यावर सपाट बसतो, पण ६ मीटर त्रिज्येला त्याचे दांडे ३.७ मीटरपर्यंत जातात, आणि मग दांड्याच्या वाकण्याचा प्रश्न परत दारात उभा.

वर राहणाऱ्या पाच पायांपैकी एक आम्ही दारासाठी आधीच काढला होता, निव्वळ नशिबाने. उरले चार. त्यांच्याखाली लाकडी ठोकळे करून घातले. बाकांच्या पेट्या पण तिथे तेवढ्या वर घ्याव्या लागल्या, खाली पाचर मारून.

दुसरी फजिती बी आणि सीची. दोन्हींत फरक जेमतेम ५.३ सेंटीमीटर. टोकांना रंग लावले होते, ए लाल, बी निळा, सी हिरवा. उभारणीची पद्धत चांगली होती, मधोमध एक खांब आणि कप्पी, घुमटाचं टोक आधी जोडायचं, वर ओढायचं, खाली पुढची ओळ लावायची, परत ओढायचं, म्हणजे कुणी शिडीवर चढत नाही. तीन ओळी झाल्या, संध्याकाळ झाली, पिवळ्या दिव्यात निळा आणि हिरवा सारखाच दिसायला लागला आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही. चौथ्या ओळीत भोकं जुळेनात. एकाने पहार घेतली. मी नको म्हणेपर्यंत त्याने दोन जोड बसवले पण होते, लाकडातून करकर आवाज येत होता. अडकलेल्या जागी शोधत बसलो दीड तास, चूक तिथे नव्हतीच, ती वरच्या ओळीत होती, दोन बी सीच्या जागी. जाळी एवढी सोशिक असते की चुकीचा दांडा वर शांतपणे घेते आणि बिल खालच्या ओळीवर फाडते.

दुसऱ्या दिवशी सुताराने रंग तसेच ठेवले आणि प्रत्येक बीच्या टोकाला करवतीने एक खाच मारली, सीला दोन, ए कोरा. आता अंधारात पण अंगठा फिरवला की कळतं. पहिली उभारणी दोन दिवस चालली होती, तिसरी सात तासांत झाली, आणि त्यातला मोठा वाटा या खाचांचा आहे असं मला वाटतं, बाकी कुणी काही म्हणो.

कापडाबद्दल पटकन. ७५ त्रिकोणांत वेगवेगळी पॅनेल बसवायचा मोह आवरला, कारण प्रत्येक शिवण म्हणजे गळती आणि जिओडेसिक घुमट गळण्यासाठी प्रसिद्ध आहेतच. एकच आवरण, कळ्यांच्या शिवणीचं, कडेला दोरीने बाकांना बांधलेलं, आणि टोकाला गरम हवा बाहेर जायला टोपी. पावसात लाकूड फुगलं, पण लाकूड लांबीत जवळजवळ वाढतच नाही, आडवं वाढतं, त्यामुळे घुमटाचा आकार हलला नाही, फक्त खाचेतली पाती आवळली आणि कोरड्या दिवसांत बोल्ट ढिले पडले. दर काही दिवसांनी पाना घेऊन एक फेरी मारायची, एवढंच.

पर्यावरणाचा हिशोब पण विचारला गेला, तो प्रामाणिकपणे दिला. कोरड्या लाकडाच्या वजनाचा निम्मा भाग कार्बन, म्हणजे आमच्या ४०० किलोत सुमारे ६५० किलो कार्बन डायऑक्साइड एवढा साठा. ऐकायला छान. पण लोखंडी हब बनवण्यानेच त्यातला २०० किलोच्या वर खाल्ला, आणि कापडाचा वेगळा. आणि लाकूड जळलं किंवा कुजलं की साठा परत हवेत, म्हणून तो आकडा जाहिरातीत एकटा लिहू नका अशी विनंती केली. माझ्या लेखी खरी गोष्ट एवढीच की तीन उभारण्यांत १२० पैकी सहा दांडे बदलले, त्यातले दोन तर पहारीमुळेच, आणि हब एकही नाही.

चौथ्यांदा तो एका बंद हॉलमध्ये उभारायचा होता. वारा नाही म्हणून वाळू रद्द केली, सगळे खूश. मग पहिल्याच दिवशी एका बाकाच्या कडेवर तीन जण एकदम बसले आणि रिकामी पेटी उलटली, कुणाला लागलं नाही. आता हॉलमध्ये पण पेटीत निम्मी वाळू टाकतो. ते चार ठोकळे मात्र दर वेळी हरवायचे, दिसतातच जळणासारखे, म्हणून आता प्रत्येकाला भोक पाडून त्याच्या पायाच्या हबला साखळीने बांधून टाकलंय.